नेबोश ‘सोपं’ झालं म्हणे!

सेफ्टीवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नेबोश या ब्रिटिश संस्थेचं आयजीसी (कामाच्या जागच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट) आता घरबसल्या मिळतं, पुस्तक उघडं ठेवून उत्तरं लिहायची, सिलॅबस छाटून तीनाची दोन युनिटं केली, दुसरं युनिट म्हणजे नुसतं प्रोजेक्ट, आणि ज्यांनी जुन्या पद्धतीनं केलंय त्यांची सर्टिफिकेटं बाद. खाली सवाल, ‘आता काय किंमत राहिली?’ मी दोन्ही पद्धतींत पोरं तयार केली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘जुनी सर्टिफिकेटं बाद.’ नाही. नेबोशच्या सर्टिफिकेटाला एक्स्पायरी नसते. पाच वर्षांची जी अट लोक सांगतात ती अर्धवट राहिलेल्यांसाठी आहे: पहिलं युनिट पास झाल्यापासून पाच वर्षांत बाकीचं उरकायचं. ज्याच्या हातात सर्टिफिकेट आहे त्यानं निवांत झोपावं. नव्या गोष्टी वाचल्या तर बरंच, पण ती वेगळी गोष्ट.

‘सिलॅबस छाटला.’ युनिटं तीनाची दोन झाली हे खरं. जुन्या पद्धतीत दोन लेखी पेपर होते, प्रत्येकी दोन तासांचे: एक व्यवस्थापनावर, दुसरा धोक्यांवर. तिसरं युनिट प्रात्यक्षिकाचं, म्हणजे जागेची पाहणी आणि त्यावर रिपोर्ट. 2018 च्या शेवटी नवा अभ्यासक्रम आला आणि दोनच युनिटं राहिली. पण आतली प्रकरणं मोजा, अकरा आहेत. पहिली चार पहिल्या युनिटात, पाच ते अकरा दुसऱ्यात. आग, वीज, रसायनं, यंत्रं, पाठ-कंबरेची दुखणी, सगळं जागेवर आहे. गेला तो धोक्यांवरचा लेखी पेपर. ते धोके आता कागदावर आठवून लिहायचे नाहीत, कामाच्या जागी जाऊन शोधायचे. शिवाय भरच पडली. आयएसओ 45001 हे कामाच्या जागच्या आरोग्य-सुरक्षा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक मार्च 2018 मध्ये आलं, ते या अभ्यासक्रमात आहे. मानसिक आरोग्याला स्वतःची जागा मिळाली. याला छाटणं म्हणत असाल तर माझं मराठी कच्चं आहे.

‘पुस्तक उघडं, मग काय परीक्षा!’ या मुद्द्यावर सगळ्यात जास्त हशा पिकतो, म्हणून जरा थांबून बोलतो. कोरोनाच्या काळात, ऑगस्ट 2020 पासून, पहिल्या युनिटाच्या लेखीसाठी ही ओपन बुक पद्धत सुरू झाली. उमेदवाराला एका काल्पनिक कंपनीची गोष्ट दिली जाते आणि उत्तरासाठी 24 तासांची मुदत. म्हणजे 24 तास लिहीत बसायचं असं नव्हे. काम चार-पाच तासांचं.

आता प्रश्न कसा येतो ते बघा. हे उदाहरण माझंच, पण धाटणी तीच. गोदामात फोर्कलिफ्ट रॅकला घासते. ऑपरेटर उतरून सुपरवायझरला सांगतो. सुपरवायझर म्हणतो, ‘गाडी भरायची आहे, चालू दे, रिपोर्टचं नंतर बघू.’ भिंतीवर मात्र एमडींच्या सहीचं सेफ्टी पॉलिसीचं पोस्टर. प्रश्न: यावरून इथल्या सेफ्टी कल्चरबद्दल, म्हणजे सुरक्षेकडे बघायच्या इथल्या खऱ्या वृत्तीबद्दल, काय कळतं? पुस्तक उघडा, कल्चरची व्याख्या सापडेल. ती उतरवली तर मार्क शून्याच्या आसपास. मार्क आहेत ते ‘नंतर बघू’ या दोन शब्दांना, आणि ऑपरेटरनं स्वतःहून येऊन सांगितलं या गोष्टीलाही, कारण ती चांगली बाजू आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

जुन्या पद्धतीत मी पोरांकडून सेफ्टी कल्चरचे ‘चार सी’ घोकून घ्यायचो: कंट्रोल, को-ऑपरेशन, कम्युनिकेशन, कॉम्पिटन्स. झोपेतून उठवलं तरी म्हणायची. त्यातला एक जण पास होऊन साइटवर गेला आणि पहिल्याच आठवड्यात मला फोन, ‘सर, इथं नेमकं करायचं काय?’ तो दोष त्याचा नव्हता. मी घोकवलं, परीक्षेनं तेच विचारलं.

कॉपीचं काय? इथं फॉरवर्डवाल्यांचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावणार नाही. पैसे घेऊन पेपर लिहून देणारे आहेत, मलाच मेसेज येतात. म्हणून तर लेखीनंतर व्हिडिओवर क्लोजिंग इंटरव्ह्यू असतो. ओळखपत्र दाखवायचं आणि आपण काय लिहिलं त्याबद्दल बोलायचं. त्याला मार्क नाहीत, पण उत्तरं दुसऱ्याची असली तर तिथं त-त-प-प होतं आणि निकाल रद्द होऊ शकतो. पक्की भिंत नाही, कुंपण आहे. पण परीक्षा सोपी असणं आणि परीक्षेत लबाडी करता येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. फॉरवर्डनं त्यांची भेळ केली आहे.

‘दुसरं युनिट नुसतं प्रोजेक्ट.’ खऱ्या कामाच्या जागेचं रिस्क असेसमेंट करायचं, म्हणजे तिथले धोके शोधून ते किती मोठे आणि उपाय काय हे लिहायचं. किमान दहा धोके, तेही किमान पाच वेगवेगळ्या प्रकारांतले. त्यातली तातडीची तीन कामं निवडायची आणि ती आधी का, हे नैतिक, कायदेशीर आणि आर्थिक अंगांनी मालकाला पटेल असं मांडायचं.

मागच्या बॅचमधल्या एकानं पहिला मसुदा आणला. दहा ओळींपैकी आठ ओळींत उपाय एकच: ‘पीपीई वापरावे, ट्रेनिंग द्यावे.’ (पीपीई म्हणजे हेल्मेट, जॅकेट अशी अंगावर घालायची सुरक्षासाधनं.) मी कागद परत दिला आणि म्हटलं, लोडिंग बेला, गाड्या भरतात तिथं, एक तास नुसता उभा राहा, काही लिहू नकोस. दोन दिवसांनी आला. म्हणाला, ‘सर, फोर्कलिफ्ट रिव्हर्स येते त्याच पट्ट्यातून माणसं ये-जा करतात. मी तासात अकरा जण मोजले. सगळे पाणी प्यायला. कूलर पलीकडच्या भिंतीला आहे.’ नव्या मसुद्यात त्या ओळीत जॅकेट नव्हतं, हेल्मेट नव्हतं. लिहिलं होतं: ‘कूलर अलीकडे हलवणे. जबाबदारी मेंटेनन्स, मुदत एक आठवडा.’