सांगोल्याने आबासाहेबांना पाडलं नाही

परवा रात्री आत्याचा फोन आला. ती सांगोला तालुक्यातली, वय पंचाहत्तरच्या पुढे. आवाज पार बसलेला. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने तिला विचारलं होतं, "आजी, तुम्ही लोकांनी गणपतराव देशमुखांना पाडलं? एवढ्या चांगल्या माणसाला?" पोराच्या मोबाइलवर मेसेज आला होता आणि त्यावरून तो कॉलेजात भाषण करणार होता. आत्या मला म्हणाली, "आमी कवा पाडलं रं आबासायबांना? ते हुबंच नव्हते की!"

मी मेसेज मागवून घेतला. तुमच्याकडेही आला असेल, २०२१ पासून दरवर्षी फिरतो. त्यात म्हटलंय: गणपतराव देशमुख सलग ५५ वर्षे आणि सलग ११ वेळा सांगोल्याचे आमदार, कधीच पराभव नाही, करुणानिधींचा विक्रम मोडला, एकाच मतदारसंघातून इतक्यांदा निवडून येणारा जगात दुसरा कोणी नाही, आयुष्यभर सत्तेला शिवले नाहीत, आणि अशा देवमाणसाला कृतघ्न सांगोलेकरांनी २०१९ मध्ये ७६८ मतांनी पाडलं, त्यांच्याबरोबर तालुक्यातला लाल बावटाही, म्हणजे त्यांचा शेतकरी कामगार पक्षही, संपला.

'कधीच पराभव नाही' आणि '२०१९ मध्ये पाडलं' ही दोन वाक्यं एकाच मेसेजात आहेत. पुढे पाठवणाऱ्या शंभर जणांपैकी एकालाही ते खटकलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

आधी २०१९ बद्दल, कारण आत्याला लागलं ते तेच. त्या निवडणुकीत गणपतराव उमेदवारच नव्हते. नव्वदी ओलांडली होती, वयामुळे आता लढणार नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून, उभे होते त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख. समोर शिवसेनेचे शहाजीबापू पाटील. निवडणूक आयोगाचे आकडे कुणालाही पाहता येतात: शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. फरक ७६८, एवढं मेसेजात बरोबर आहे. माणूस मात्र चुकलाय.

आता हाच आकडा जरा नीट बघा. २०१४ मध्ये, म्हणजे आबासाहेबांच्या शेवटच्या निवडणुकीत, त्यांना स्वतःला ९४,३७४ मतं पडली होती आणि ते पंचवीस हजारांच्या फरकाने जिंकले होते. पाच वर्षांनी, पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या त्यांच्या नातवाला त्याहून चार हजार मतं जास्त मिळाली. मतदारयादी वाढली होती हे मान्य, विरोधातली मतं एका जागी गोळा झाली हेही मान्य. पण ज्या तालुक्यातल्या जवळपास नव्व्याण्णव हजार माणसांनी त्या घराला मत दिलं, त्याला कृतघ्न म्हणायचं? आणि ज्या ९९ हजारांनी दुसरीकडे मत दिलं त्यांनी तरी काय पाप केलं? निवडणूक होती ती. तिथे कोणी कोणाचं देणं लागत नाही.

माझी आत्या १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई आहे. मताचं वय २१ होतं तेव्हापासून तिने एकही मतदान चुकवलेलं नाही. तिला तिच्याच नातवाच्या तोंडून 'कृतघ्न' ऐकायला लागलं, ते अशा माणसामुळे ज्याने आयोगाचा एक कागद उघडून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत.

दुसरं, 'कधीच पराभव नाही' आणि 'सलग'. दोनदा पराभव आहे. १९६२ आणि १९६७ ला गणपतराव जिंकले, १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून हरले. काकासाहेबांच्या निधनामुळे १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव पुन्हा सभागृहात आले. मग १९७८, ८०, ८५, ९०. त्यानंतर १९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं, १९२ मतांनी. हो, तेच शहाजीबापू, जे पुढे २०२२ मध्ये गुवाहाटीहून केलेल्या 'काय झाडी, काय डोंगार'च्या फोनमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले. १९९९ ला जागा परत आली, मग २००४, २००९, २०१४.

मोजून घ्या. सार्वत्रिक निवडणुकांतले विजय दहा, पोटनिवडणुकीतला एक, एकूण अकरा. आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालात १९७४ ची पोटनिवडणूक दिसत नाही, म्हणून काही जण दहा म्हणतात आणि वाद घालतात. अकरा बरोबर आहे. पण सलग नाही. आणि वर्षं? १९६२ ते ७२ दहा, १९७४ ते ९५ एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. एक्कावन्न होतात. पंचावन्न कुठून आणली कोण जाणे. एक्कावन्न काय कमी आहेत का, की वर चार चिकटवावी लागावीत?

हे दोन पराभव खोडून टाकणाऱ्यांना वाटतं की त्याने आबासाहेब मोठे होतात. मला उलट वाटतं. १९२ मतं म्हणजे एका वाडीची मतं. एवढ्याशा फरकाने जागा गेली, सत्तरीकडे झुकलेला माणूस चार वर्षं आमदारकीशिवाय तालुक्यात फिरत राहिला आणि लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. शहाजीबापूंचे १९९५ आणि २०१९ चे दोन्ही विजय एकत्र केले तरी फरक ९६० मतांचा होतो. सांगोल्यात मत किती जपून दिलं जातं हे यातून कळतं. 'कधीच हरले नाहीत' म्हटलं की ही सगळी माणसं गायब होतात आणि उरतं एक देऊळ. शिवाय १९७२ आणि १९९५ ला ज्यांनी दुसऱ्याला मत दिलं त्यांनी विचार करूनच दिलं असेल, त्यांनाही इतिहासात जागा आहे.

विक्रमाचं थोडक्यात. एम. करुणानिधी तमिळनाडू विधानसभेवर १३ वेळा निवडून आले, १९५७ ते २०१६, आणि खरोखर एकदाही न हरता. त्यामुळे 'विक्रम मोडला' हे खोटं. ते वेगवेगळ्या मतदारसंघांतून लढले म्हणून 'एकाच मतदारसंघातून' हा शब्द पुढे केला जातो. तोही टिकत नाही. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा जिंकले. त्यातली १९६५ ची विधानसभा कधी अस्तित्वातच आली नाही, ती वगळली तरी बारा उरतात. ओमेन चंडी पुथुपल्लीतून १९७० पासून २०२१ पर्यंत बारा वेळा. जग राहू द्या, आधी केरळपर्यंत तरी बघा.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. मणी आणि चंडी दोघांच्याही वाटेत पक्षफुटी आली, नाव बदललं, गट बदलला. गणपतराव पहिल्या निवडणुकीला शेतकरी कामगार पक्षाचे होते आणि शेवटच्यालाही. यशवंतराव मोहिते, केशवराव जेधे यांच्यासारखी माणसं शेकाप सोडून काँग्रेसमध्ये गेली, हे गेले नाहीत. मेसेजवाल्यांनी एवढंच लिहिलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. एसटीने प्रवास, साधी राहणी, तेही खरं आहे.

'सत्तेला शिवले नाहीत' मात्र साफ चूक. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री होते आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही. मंत्रिपद घेणं हा काही डाग नाही की तो लपवावा. सहकारी सूतगिरणी उभी करून चालवणं, तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने उभं राहणं, ही सत्तेशी रोज झगडा मांडून आणि वेळ आली तर तिच्यात बसूनही केलेली कामं आहेत. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी नुसत्या साधेपणाने येत नाही. मेसेजात सूतगिरणी नाही, पाणी नाही, डाळिंब नाही. फक्त मतांचे चुकीचे आकडे.

राहिला लाल बावटा. २०२४ ला शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, हेही आबासाहेबांचे नातू, शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून जास्त मतांनी हरवून निवडून आले. आपल्याच महाविकास आघाडीतल्या ठाकरे गटाचा उमेदवार समोर असतानाही. पूर्ण महाराष्ट्रात शेकापचा तेवढा एकच आमदार आला आणि तो सांगोल्याचा. मेसेज त्याआधीचा आहे, पण पाठवणारे आजचे आहेत.

नातवाला मी भाषणासाठी दुसरा मजकूर लिहून दिला: तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव, वर्षांसकट. तो आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती मधेच थांबवून म्हणाली, "काकासायबांचं नाव घाटलंस का? लोकांनी त्यास्नीबी मतं दिल्याली." म्हटलं, घातलंय. मग म्हणाली, "मग ठीकाय. आता पुढचं वाच."