अडकित्तेच तर आहेत

आज भाच्याला घेऊन पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले होते. अडकित्त्यांच्या कपाटापाशी उभी होते, तर मागून एक गृहस्थ मुलाचा हात ओढत म्हणाले, "चल रे, अडकित्तेच तर आहेत. भंगार सगळं!" दुपारपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय.

भंगार? अहो, हे जमवण्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलंय! दिनकर गंगाधर केळकर कुठले संस्थानिक नव्हते. घरचा चष्म्यांचा धंदा, आणि स्वतः 'अज्ञातवासी' या नावानं कविता करायचे. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला लागले ते १९९० साली जाईपर्यंत. अडकित्ते, दौती, कुलपं, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, वाड्यांचे कोरीव दरवाजे, वाद्यं. २० हजारांहून जास्त वस्तू. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा उचलून इथे आणून उभा केला! आणि संग्रहालयाला स्वतःचं नाव दिलं नाही. नावातला राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. पुढे सगळंच्या सगळं सरकारच्या हवाली केलं.

आमच्या आजीचा अडकित्ता पितळी होता, दोन्ही दांड्यांच्या टोकांना पोपट. एका पोपटाची चोच झिजून पार गुळगुळीत झाली होती, कारण आजीचा अंगठा रोज तिथेच टेकायचा. दुपारी जेवणं झाली की माजघरातून कट कट आवाज यायचा आणि पानाच्या डब्यात सुपारीचा भुगा साठायचा.

तलवारी सगळेच जपतात हो. राजांची चित्रं, सिंहासनं, नाणी जपायला माणसं मिळतात. पण बायकांच्या हातात रोज फिरलेली वज्री जपावी असं कुणाला वाटलं? ती घडवणाऱ्या कारागिराचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही. पण पाय घासायच्या वस्तूवर त्यानं मोर बसवला! तेवढ्यासाठी तरी त्या काचेपुढे दोन मिनिटं थांबावं माणसानं.

मान्य आहे, एकाच माणसाच्या आवडीनं जमलेलं आहे, त्यात शास्त्र कमी आणि वेड जास्त. पण त्या वेडापायीच तर या वस्तू उरल्या.

लिहिता लिहिता राग उतरतोय, कारण खरं सांगायचं तर त्या गृहस्थांना बोलायचा मला काय अधिकार? आजी गेल्यावर घर आवरायला काढलं तेव्हा घंगाळ, तांब्या आणि तो अडकित्ता आम्हीच मोडीत घातला. वजनकाट्यावर सगळ्यात वर तो होता, हे मला अजून दिसतं. मी तिथे उभी होते आणि एका शब्दानंही अडवलं नाही. कुणी सुपारी खात नव्हतं, ठेवायला जागा नव्हती, आणि ती कारणं तेव्हा खरीच वाटली होती.

आज त्या कपाटात पोपटांचा अडकित्ता शोधत होते. आमचा तिथे नसणार हे पक्कं ठाऊक होतं, तरी प्रत्येक चोच निरखून पाहिली. भाच्यानं विचारलं, "मावशी, हे चालवतात कसं?" मी हवेतच दांड्या दाबून दाखवल्या, अंगठा पुढे टेकवून, आजीसारखा.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, त्या मोडीचे किती आले होते गं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही बाई आठवत."