नागपूरचा कूलर डोंबिवलीत चालला नाही, या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू रात्री शटर ओढताना वाचला. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. फोनवर माझा आवाज चढला, तेही चुकलंच. पण "मुंबईकडे कूलर चालत नाही हे लपवून गळ्यात मारला, फसवलं" असं तुम्ही लिहिलंय. त्याचं उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही संध्याकाळी आलात. दुकानात गर्दी होती, खरं आहे. पण "आईसाठी हवाय, मनीषनगरला पोचवा" हे तुमचे शब्द मला नीट आठवतात, कारण त्या दिवशी तिथली लिफ्ट बंद होती आणि आमच्या मुलाने ४५ लिटरचा कूलर खांद्यावर घेऊन तीन जिने चढवला. बिलावर पत्ताही तोच, नागपुरातला आहे. डोंबिवलीचं नाव निघालंच नाही. निघालं असतं तर मीच नको म्हटलं असतं. कोकणपट्टीत कूलर नेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दरवर्षी परत पाठवतो, हातात पैसे घेऊन उभं असलं तरी.

आणि आईंकडे तो चालला ना, सर? ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तुम्हीच फोन करून म्हणालात, आई रात्री चादर मागते. तोच पंप, तेच पॅड. जूनमध्ये तुम्ही तो टेम्पोत घालून डोंबिवलीला नेला, तेव्हापासून तो तुमच्या लेखी "खराब" झाला.

कूलरमध्ये एसीसारखा गॅस नसतो. पॅडवरचं पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं, एवढंच त्याचं काम. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली, की पाणी झपाट्याने वाळतं आणि चांगल्या पॅडमधून २८-२९ अंशांची हवा येते. तुमच्याकडे ३४ अंशांना ६५ टक्के आर्द्रता. हवा आधीच ओली, ती आणखी पाणी घेणार किती? फार तर चार अंश उतरतात, आणि दमटपणा वाढल्याने अंगावरचा घामही वाळत नाही. चादरी ओलसर झाल्या, पापड मऊ पडले असं तुम्ही लिहिलंय, ते यामुळेच. पाऊस लागला की नागपुरातही आम्ही पंप बंद करतो आणि नुसता पंखा चालवतो.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर पलंग आणि कपाटाच्या मध्ये, कपाटाच्या आरशावर वाफ धरलेली. कूलरची पाठ उघड्या खिडकीकडे हवी आणि आत आलेल्या हवेला बाहेर जायला समोरचं दार उघडं हवं. नाहीतर तीच ओली हवा खोलीत फिरत राहते. हे सांगत होतो, तर तुम्ही म्हणालात "धंदेवाले असेच बोलतात". तिथे माझा तोल गेला.

वडिलांनी पत्र्याचे कूलर ठोकून आणि वाळ्याच्या ताट्या भरून हे दुकान उभं केलं. आमचा धंदा फेब्रुवारी ते जून, त्यात वर्षाचं पोट भरायचं. तुमचा रिव्ह्यू वाचून परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन केला, "काय हो, हे खरं आहे का?" स्टार एकच राहू द्या, पण "फसवलं" हा शब्द तेवढा काढलात तर उपकार होतील.

महिनाभर वापरलेला कूलर पूर्ण पैशांत परत घेणं मला झेपणार नाही. नागपूरला परत पाठवलात तर सर्व्हिसिंग फुकट करून आईंकडे पोचवून देईन, नागपूरपर्यंतचं भाडं मात्र तुमचं. यापुढे माल कुठे जाणार हे विचारूनच बिल करा, असं मुलांना सांगितलंय. जमेल तशी एक पाटीही लावू.

तोवर टाकीतलं पाणी काढून टाका, साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. पंप बंद ठेवून नुसता पंखा पाच-सहा तास चालवा, पॅड हाताला कोरडं लागलं की मगच वरून प्लास्टिक घाला.