थांबलेल्या पोरीला परत येता आलं पाहिजे

माझी भाची यंदा दहावीला गेली आणि तिचे रोलर स्केट्स माळ्यावर गेले. जळगावात घरोघरी हेच होतं. आमच्या घरच्या ग्रुपवर त्यावरून चांगलीच जुंपली. एका बाजूचं म्हणणं, 'खेळीसन पोट भरस का?' दुसरी बाजू सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आणि बोर्डाचे वाढीव गुण पुढे करते. मग चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींचं नाव निघतंच: २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, पुढे पोलीस उपअधीक्षक. उदाहरण खरं आहे, आम्हा खान्देशवाल्यांच्या अभिमानाचं आहे. पण दोन्ही बाजू शेवटी नोकरीबद्दलच बोलतात. पोरीला स्केटिंग आवडतं, हा मुद्दा कुणी काढतच नाही.

मी टोरांटोजवळ राहतो. इथे फिगर स्केटिंग, म्हणजे बर्फावर संगीताच्या तालात उड्या-गिरक्या घेण्याचा खेळ, मोठ्या कौतुकाने पाहिलं जातं, आणि त्यातलं करिअर किती निर्दयी असतं तेही जवळून दिसतं. पोरं चार-पाच वर्षांची असताना बर्फावर उतरतात. हवेत तीन-चार गिरक्या घ्यायच्या तर अंग हलकं आणि अरुंद असलेलं बरं. त्यामुळे मुली वयात येण्याआधीच अवघड उड्या शिकतात. मग उंची वाढते, कंबर बदलते, आणि काल जमलेली उडी आज जमत नाही. रशियाच्या युलिया लिपनित्स्कायाने २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये १५ व्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवलं. १९ व्या वर्षी तिने खेळ सोडला. अन्न नको होण्याच्या आजारावर तिला उपचार घ्यावे लागले होते. २०२२ मध्ये बीजिंगला कमिला वालियेवा, तीही १५ वर्षांचीच, उत्तेजकाच्या प्रकरणात सापडली आणि साऱ्या जगासमोर बर्फावर पुन्हा पुन्हा पडली. त्यानंतर कुठे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेलं. फार उशीर केला, असं माझं मत आहे.

तरीही मी या खेळाचं उदाहरण देतो, ते अमेरिकेच्या अलिसा लियूमुळे. १३ व्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली आणि बीजिंग ऑलिंपिक खेळून १६ व्या वर्षी निवृत्त झाली, कारण तिला खेळ नकोसा झाला होता. मग तिने एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंतची वाट चालली, विद्यापीठात मानसशास्त्राला प्रवेश घेतला. दोन वर्षांनी ती परतली, या अटीवर की सराव, संगीत, पोशाख, सगळं आपणच ठरवणार. मार्च २०२५ मध्ये बोस्टनला ती विश्वविजेती झाली. २००६ नंतर अमेरिकेच्या कुठल्याही महिलेला हे जमलं नव्हतं.

पदक मिळालं म्हणून हे सांगत नाही. पदक नसतं मिळालं तरी तिचं परत येणं मला तितकंच मोलाचं वाटलं असतं. इथे नगरपालिकेच्या रिंकवर शाळकरी मुलांबरोबर नोकरी करणारी माणसं आणि आजीआजोबाही येतात. कुणी मध्ये दहा वर्षं खेळ सोडला असला तरी फाटक उघडं असतं. इथलं सगळं सोनं आहे असं मात्र नाही. स्पर्धेच्या पातळीवर बर्फाचं भाडं, प्रशिक्षकाची फी, बूट आणि पाती यांत कुटुंबाची कमाई वितळून जाते. गरिबाघरचं मूल तिथवर क्वचितच पोचतं.

त्या मानाने आपलं काम सोपं आहे. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत कुणी बर्फ मागत नाही. गुळगुळीत सिमेंटचा ट्रॅक पुरतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या क्रीडा संकुलांत आणि खासगी क्लासेसमध्ये सतरा वर्षांवरच्या, मध्येच खेळ सुटलेल्या मुलामुलींसाठी रोज एक तासाची बॅच सुरू करा. 'कुठल्या स्पर्धेला जाणार?' असं त्यांना विचारू नका, आणि मुलींसाठी संध्याकाळी दिवे लागतील एवढं बघा.

ताई आणि दाजींना माझं एवढंच सांगणं आहे: दहावीसाठी खेळ थांबवलात, त्यावर मी वाद घालत नाही. पण ते स्केट्स कुणाला देऊन टाकू नका, आणि पुन्हा कधी सुरू करायचं ते तिला ठरवू द्या.