जागा कुणाच्या बापाची?

रायपूरला ३ डिसेंबर २०२५ रोजी ऋतुराज गायकवाडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ८३ चेंडूंत १०५ धावा केल्या आणि जानेवारीत न्यूझीलंडविरुद्धच्या वनडे संघात त्याचं नाव नव्हतं. तेव्हापासून पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक ग्रुपमध्ये तेच एक वाक्य ऐकू येतं: ‘अहो, मुलगा सलामीचा, त्याला चारवर घातलाच कशाला?’ संघातून काढल्याचा राग मला समजतो. हे ‘घातलाच कशाला’ मात्र डोक्यात जातं. फलंदाजीचा क्रमांक म्हणजे वडिलोपार्जित वाडा आणि निवड समिती म्हणजे कूळकायदा, अशा थाटात आपल्याकडे बोललं जातं. बोरिवलीचा रोहित शर्मा २००७ पासून मधल्या फळीत चाचपडत होता. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला त्याला सलामीला पाठवलं, त्याने ८३ केल्या, आणि पुढच्याच वर्षी ईडनवर २६४. तेव्हा ‘त्याची जागा हलवू नका’ म्हणणारे कुठे गेले होते?

इथे मेलबर्नमध्ये मार्च ते सप्टेंबर लोक फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, सोडून दुसऱ्या कशावरही बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यातलं निम्मं याच विषयावर असतं: कोणत्या पोराला कुठे खेळवायचं. फरक एवढाच की ‘का हलवला’ असं इथे सहसा कुणी विचारत नाही. ‘किती लवकर हलवला’ यावर भांडतात. निक डेकोसचं उदाहरण घेतो, कारण ते माझ्या सोयीचं आहे.

निक मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबचा. बाप पीटर डेकोस त्याच क्लबकडून २५० सामने खेळला, ५४९ गोल मारले, १९९० च्या विजेत्या संघात होता. घराणेशाहीवर आपण नाकं मुरडतो. इथे ती नियमपुस्तकात लिहिलेली आहे. बाप क्लबकडून शंभर सामने खेळला असेल तर मुलावर क्लबचा पहिला हक्क. फुकट नाही: २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपात, गोल्ड कोस्ट क्लबने चौथ्या क्रमांकाला निकवर बोली लावली आणि कॉलिंगवूडला तेवढ्या किमतीचे ड्राफ्टचे गुण मोजून, वीस टक्के सवलतीत, तो घ्यावा लागला. म्हणजे क्लबमधली जागा बापाची, हे खरं. मैदानावरची मात्र नाही. सतरा-अठराव्या वर्षी तो मधल्या फळीतला, म्हणजे मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळवणारा, म्हणून गाजत होता. क्रेग मॅक्रे नुकताच कोच झाला होता, संघ आदल्या वर्षी अठरांत सतरावा आलेला, मधली फळी म्हातारी होत चाललेली. आपल्याकडच्या हिशेबाने पोराला थेट मध्ये टाकायला हवं होतं. त्याला हाफबॅकला उभं केलं.

हाफबॅक म्हणजे बचावाच्या सहा जणांतली पुढची ओळ. एकोणिसाव्या वर्षी तिथे का, याचं उत्तर साधं आहे: खेळ तोंडासमोर असतो. मधल्या फळीत धक्का चारी बाजूंनी येतो, पाठीमागून येतो, आणि तिशीतल्या माणसाच्या खांद्यांनी येतो. हाफबॅकला चेंडू येताना दिसतो, वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. जोडीदाराने कॅच, म्हणजे मार्क घेतला की त्याच्या बाजूने पूर्ण वेगात पळायचं, मुठीने टोलवलेला पास धावतच घ्यायचा आणि साठ-सत्तर मीटर मोकळं मैदान समोर. प्रतिस्पर्ध्याचा गोल हुकून एकच गुण गेला की बचावाने चेंडू परत खेळात आणायचा, ती किक-इन. २०१९ पासून स्वतःच्या पायावर चेंडू न मारताच गोलसमोरच्या चौकोनाबाहेर पळता येतं, त्यामुळे चांगली किक असलेला पोरगा तिथेच हवा.

यातून आकडे फुगतात, हेही खरं. सामन्यात तीस वेळा चेंडू हाताळला म्हणून टाळ्या वाजतात, त्यातल्या वीस वेळा जवळ कुणीच नसतं. ते स्वस्तातले आकडे आहेत. पण शिक्षण स्वस्तातलं नाही. हाफबॅकचा पोरगा रोज एकच अवघड निर्णय घेत असतो: आपला माणूस सोडून उंच बचावपटूच्या मदतीला जायचं की नाही? जाणकार कोच सांगतात, चेंडूकडे नको, चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघ. तो दबावाखाली असेल तर किक उंच आणि लांब येणार. मग आपला माणूस सोड, झुंडीच्या पुढे जाऊन पड. तो मोकळा असेल, मान वर करून बघत असेल, तर चिकटून राहा, कारण किक खाली आणि अचूक येणार. लवकर सोडलंस की पायाशी पडलेला चेंडू तू सोडलेला छोटा फॉरवर्ड उचलणार, आणि गोल तुझ्या नावावर.

चेंडू अडवल्यावर दुसरी परीक्षा. सीमारेषेने लांब मारणं त्यामानाने निर्धोक, पण त्यातून काही घडत नाही. मधल्या पट्ट्यात पंचेचाळीस अंशांतून मारलेली किक सगळं उघडते, आणि ती चुकली तर प्रतिस्पर्धी पन्नास मीटरच्या कमानीपाशी गोलकडे तोंड करून उभा असतो, आपले बचावपटू पुढे पळालेले. बहुतेक पोरं पहिल्या दोन चुकांनंतर घाबरून सीमारेषेकडे मारायला लागतात. मग त्यांना तिथे ठेवण्यात अर्थ नसतो. निकने मधली किक सोडली नाही. त्या २०२२ च्या हंगामात उदयोन्मुख खेळाडूचा रायझिंग स्टार पुरस्कार त्याला मिळाला, आणि सतराव्या क्रमांकाचा संघ उपांत्य फेरीत सिडनीकडून एका गुणाने हरला.

२०२३ मध्ये त्याला मध्ये सरकवलं. सरकवलं हा शब्द मुद्दाम. एका सामन्यात हाफबॅक आणि पुढच्यात थेट मधोमध, असं नाही. आधी मैदानाच्या मध्यातल्या चौकोनात, जिथून खेळ सुरू होतो, उभं राहण्याच्या वेळा वाढवल्या, मग मैदानावरचे मधले तुकडे. चौकोनात एका संघाचे चारच: एक रक, म्हणजे वर उडालेला चेंडू साथीदारांकडे टोलवणारा उंच खेळाडू, आणि तिघे. रक चेंडू कुठे टोलवणार ते घड्याळाच्या काट्यांवर ठरलेलं असतं. शिकाऊ पोरगा चारच्या आकड्यावर जाऊन उभा राहतो आणि वाट बघतो, तिथेच चिरडला जातो. चेंडू रकच्या बोटांना लागायच्या आधी पाऊल निघायला हवं, म्हणजे तुम्ही आणि चेंडू एकाच क्षणी चारवर पोहोचता. कार्लटन क्लबचा १९५ सेंटिमीटरचा पॅट्रिक क्रिप्स गर्दीतून चेंडू ओरबाडून काढतो. निककडे ते शरीर नाही. तो चेंडू एका हालचालीत उचलतो, एक पाऊल आडवं टाकतो आणि गर्दीतल्या फटीतून काढून देतो. त्यासाठी खेळ आधी वाचलेला असावा लागतो, आणि वाचायला तो शिकला एक वर्ष मागे उभं राहून. हा माझा मुद्दा. माणूस हलवला म्हणून बिघडला नाही. मागे शिकलेलं तो मध्ये घेऊन आला.

मध्ये आलात की टॅगर येतो. चेंडूशी देणंघेणं नाही, फक्त तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॉथॉर्नच्या फिन मॅगिनिसने निकला एका सामन्यात पाच वेळा चेंडू हाताळू दिला. पाच! त्याच सामन्यात निकच्या गुडघ्याचं हाड दुखावलं आणि तो साखळीचे उरलेले सामने बाहेर बसला. तरी ब्राउनलोच्या, म्हणजे पंचांच्या मतांवर ठरणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाच्या, मतमोजणीत २८ मतांसह तिसरा. उपांत्य फेरीला परतला आणि अंतिम सामन्यात कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला ९०–८६ हरवलं.

टॅगरवर उपाय काय, यावर इथे दर सोमवारी वाद. साथीदारांनी वाटेत उभं राहून टॅगरला अडवायचं, हा पहिला; पंच फार वेळ करू देत नाहीत. दुसरा, निकला पुन्हा हाफबॅकला न्यायचं. टॅगर मागे आला तर प्रतिस्पर्ध्याची एक फॉरवर्डची जागा नुसत्या पहारेकऱ्याला गेली; नाही आला तर निक मोकळा. कागदावर छान. पण २०१९ पासून मध्यातून खेळ सुरू होताना दर वेळी सहा मागे, सहा मध्ये, सहा पुढे असं उभं राहावं लागतं, त्यामुळे तो मागे गेला की चौकोनात त्याच्या जागी दुसरा कुणीतरी जाणार, आणि चेंडू तिथेच हरवला तर मागचा निक आग विझवत बसतो. शिवाय तो पस्तीस वेळा चेंडू हाताळेल, पण गोलपासून शंभर मीटरवर. प्रतिस्पर्धी कोचला तेच हवं असतं. माझं मत विचाराल तर त्याची खरी जागा मध्येच, हाफबॅक फक्त दहा-पंधरा मिनिटांचा आडोसा, आणि सामना अटीतटीचा असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत गोलसमोर. त्याला कायमचा मागे न्या म्हणणाऱ्यांना २०२२ ची आठवण येते, एवढंच. (ब्राउनलोमध्ये २०२४ ला ३८ मतं आणि २०२५ ला ३२, दोन्ही वर्षी दुसरा. मागे उभं राहून पंचांची मतं मिळत नाहीत.)

सेंट किल्डाचा नसाया वँगनीन-मिलेरा हेही माझ्याच बाजूचं उदाहरण. तोही हाफबॅक, २०२५ मध्ये मधल्या फळीत. जुलैत मेलबर्न क्लबविरुद्ध सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशाआधी संघ ४६ गुणांनी मागे, आणि विजयी गोल वेळ संपल्याच्या भोंग्यानंतर त्याचा.

हार्ली रीडचं नाव मी शक्यतो काढत नाही. २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला, वेस्ट कोस्ट क्लबने पहिल्याच हंगामात मध्ये टाकला, मागे शिकवणी वगैरे काही नाही, आणि तरी पोरगा थक्क करतो. माझ्या मांडणीत तो बसत नाही. बचाव असा करता येईल की संघ २०२५ मध्ये एकच सामना जिंकला, तिथे कुणाला मागे ठेवून काय साधणार होते? पण हा बचाव आहे, युक्तिवाद नव्हे.

आणि इथवर आलो की दुसरीही गोष्ट कबूल करावी लागते. निकच्या पहिल्या वर्षाची मांडणी मी तपशिलात सांगू शकतो, कारण हा खेळ मला शिकावा लागला. लहानपणी हा लांबुळका चेंडू मी लाथाडलेला नाही. ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीच्या शिकवणीला, जाणाऱ्या सहा वर्षांच्या पोराच्या पायाला जे कळतं ते मला आकड्यांतून कळतं. इथे ‘कोणत्या टीमचा?’ हा हवापाण्यासारखा प्रश्न आहे, आणि दिलेलं उत्तर निवडलेलं आहे हे मला माहीत असतं. क्रिकेटबद्दल मला काही शिकावं लागलं नाही, म्हणून पुण्याच्या फोनवर मी तावातावाने बोलतो आणि तपशील तपासत नाही. तिकडच्या लोकांना जागेचा हट्ट का, हे विचारणारा मी स्वतः वीस वर्षं दोन्हीकडे राखीव खुर्चीवर आहे.

तेव्हा तपशील तपासतो. चौथा क्रमांक सलामीहून वेगळा धंदा आहे. सलामीला पहिल्या दहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, चेंडू नवा, बॅटवर येणारा. फटीतून गेला की चार. चारवर बहुधा अकराव्या ते चाळिसाव्या षटकांत यावं लागतं: बाहेर चार जण, फिरकी, आणि २०२५ च्या बदललेल्या नियमाने पस्तिसाव्या षटकापासून एकच जुना होत जाणारा चेंडू. सलामीवीराची नजर चौकाराच्या जागा शोधते, तिथे माणूस उभा असतो. पहिल्या वीस चेंडूंत एकेरी धाव निघाली नाही की तो उचलून मारतो आणि सीमेवर सापडतो. हे शिकता येतं. रायपूरला ऋतुराज ते शिकला असं दिसलं, आणि म्हणून ‘चारवर घातलाच कशाला’ हा प्रश्न अजूनही चुकीचाच.

पण कॉलिंगवूडने निकला हाफबॅकला आख्खा हंगाम दिला होता, दर आठवड्याला तोच कोच, तेच काम, चूक झाली तरी पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच. ऋतुराजला त्या मालिकेत चारवर रांचीला ८ आणि रायपूरला १०५ असे दोन डाव मिळाले. विशाखापट्टणमला त्याची पाळीच आली नाही.