शेजारी डेटा सेंटर येतंय? मग एवढं कराच

सगळ्यात आधी अभिनंदन! तुमचं नशीब उघडलं. मागच्या आठवड्यात आमच्याकडच्या डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटचे कॉम्प्युटर (सर्व्हर) ठेवायच्या इमारतीच्या, सुनावणीला बसून आलो, तिथे मिळालेलं ज्ञान फुकटात वाटतोय, घ्या.

खुर्चीवर ठेवलेलं चकचकीत माहितीपत्रक बघून भारावून जा. त्यात झाडं असतात, हसरी पोरं असतात. विजेचा आकडा नसतो.

रोजगार म्हटलं की टाळ्या वाजवा. बांधकाम चालू असेपर्यंत माणसं भरपूर लागतात हे खरंय, नंतर आत सर्व्हर राबतात आणि गेटवर वॉचमन.

वीज गेली तर म्हणून ठेवलेल्या त्यांच्या डिझेल जनरेटरची टेस्टिंग सुरू झाली की खिडकी लावून घ्या.

सर्व्हरची उष्णता हवेत जाऊ द्या. डेन्मार्कमध्ये ओडेन्सला तीच उष्णता पाइपातून घरं गरम करायला देतात, पण आपल्याला कुठे वेळ आहे तसले उद्योग करायला.

आणि हो, वीज किती, पाणी किती हे तर चुकूनही विचारू नका. मी विचारलं. तीन मिनिटं दिली होती, त्यातलं एक माईक चालू होईपर्यंत गेलं, आणि उत्तर काय, तर 'ती माहिती गोपनीय आहे'. गोपनीय! अहो माझ्या मीटरचा दर महिन्याला फोटो काढून नेतात, माझं एकेक युनिट बिलावर छापून येतं, एक दिवस उशीर झाला तर दंड, आणि शेकडो मेगावॉट ओढणाऱ्याचा आकडा गोपनीय? थंड करायला पाण्याची वाफ करणार, ते पाणी कुठून उचलणार तेही गोपनीय? युरोपियन युनियनमध्ये 500 किलोवॉटपासून पुढच्या डेटा सेंटरना वीज-पाण्याचे आकडे कळवावेच लागतात, ते कसं चालतं मग? आयर्लंडमध्ये मीटरवर मोजलेल्या विजेतला डेटा सेंटरचा वाटा 2015 ला 5 टक्के होता, 2024 ला 22 टक्के झाला. मोजलं म्हणून कळलं ना?

'स्थानिक लाभ' म्हणून दोन बाकडी आणि एक रंगवलेली भिंत मिळेल. फोटो काढून स्टेटसला ठेवा.

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड बोलणं. लाभ द्यायचाय ना, मग त्यांना वीज कनेक्शन द्यायच्या आधी आम्हाला एवढं लेखी द्या. नवीन सबस्टेशन आणि लाईनचा खर्च त्यांच्याकडून घ्या, आमच्या बिलात घुसडू नका. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 2025 मध्ये एका वीज कंपनीसाठी नियम झालाय, नव्या मोठ्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली तिच्या निदान 85 टक्क्यांचे पैसे भरायचे, वापरा नाहीतर वापरू नका, तेही 12 वर्षांपर्यंत. उगाच फुगवून मागणी करणारे तिथेच गार पडतात. ग्रिडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर, ताण आला की आधी त्यांचा लोड कमी करा, आमच्या घरातले दिवे नंतर बघू.

आणि हजेरीच्या कागदावर सही ठोकून पहिल्या अर्ध्या तासात पळालेल्यांनो, काल इतिवृत्त आलंय. तुमच्या सह्या 'स्थानिकांची संमती' या मथळ्याखाली लावल्यात. बघा जाऊन.