खुनी सापडलाच पाहिजे का?

रहस्यकथेत शेवटी खुनी सापडणारच, असं आपण धरूनच चालतो. गावच्या वाचनालयातल्या अर्नाळकरांच्या फाटक्या पुस्तकांवर वाढलेल्या माझ्यासारख्यांना तर शेवटच्या पानांवर त्यांचा नायक धनंजय सगळा उलगडा करणार याची खात्रीच असायची. अमेरिकन लेखक जेम्स एलरॉयची 'द ब्लॅक डालिया' (1987) ही कादंबरी वाचून झाल्यावर मात्र मला पहिल्यांदाच वाटलं की इथं खुनी सापडला नसता तर बरं झालं असतं. कादंबरी जबरदस्त आहे. तिचा शेवट मला पटला नाही, आणि का पटला नाही ते नीट सांगावंसं वाटतं.

आधी कादंबरीमागची खरी घटना. 15 जानेवारी 1947 ला लॉस एंजेलिसच्या लाइमर्ट पार्क भागात एका मोकळ्या प्लॉटवर एलिझाबेथ शॉर्ट या 22 वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडलं. कमरेतून दोन तुकडे केलेले, अंगात रक्त उरलेलं नाही. लहान मुलीला घेऊन त्या रस्त्यानं चाललेल्या बाईला आधी तो दुकानातला पुतळाच वाटला. ठसे जुळून ओळख पटली, तसा एका वर्तमानपत्रातून तिच्या आईला फोन गेला. तुमच्या मुलीनं सौंदर्यस्पर्धा जिंकली आहे, तिच्याबद्दल थोडं सांगा. आई आनंदानं सांगत गेली. पाहिजे ती माहिती हाती आल्यावर मग तिला खरं सांगितलं. प्रेताचं वर्णन मी वाचू शकलो, पण हा फोन वाचून पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

पुढं पन्नासच्या वर लोक आपणच खून केला म्हणून पुढे आले. एकही खरा निघाला नाही. पेपरांनी तिला 'ब्लॅक डालिया' म्हटलं, आणि ती कशी राहायची, कोणासोबत फिरायची, याचेच मथळे केले. खुनी आजतागायत सापडलेला नाही.

हे वाचताना मला आमच्या भागातली एक केस डोळ्यासमोर येत राहिली. कापूस वेचणीच्या दिवसांत एका बाईचं प्रेत पऱ्हाटीत सापडलं होतं. बाहेरगावाहून मजुरीला आलेली. पोलीस पाटलानं खबर दिली, ठाण्यात आधी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला, पीएमचा (शवविच्छेदनाचा) रिपोर्ट आल्यावर खुनाचा 302 लागला. पंच म्हणून शेजारच्या धुऱ्यावरच्या दोघांना उभं केलं. त्यातल्या एकाकडून मी ऐकलं आहे: एका पायात चप्पल, दुसरी कुठंच नाही, आणि ओटीत वेचलेला कापूस तसाच. पंचनाम्यावर सही करताना त्याचा हात चालेना. पुढं तपास थंडावला आणि 'अ' समरी झाली. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळून आला नाही.

गावानं मात्र पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला होता. "तिचंच काई असन, नाही तं उगाच कोन कायले मारन?" पारावर हे वाक्य मी कितीतरी तोंडून ऐकलं. चांगल्या चांगल्या माणसांच्या तोंडून. खुनी माहीत नसला की लोकांना तो मोकळा फिरतोय हे सहन होत नाही, मग मेलेल्या बाईलाच आरोपी करून गाव निवांत झोपतं. लॉस एंजेलिसनं 1947 ला हेच केलं.

एलरॉयची ताकद इथं आहे. बकी ब्लायकर्ट हा त्याचा निवेदक पोलीस, आधीचा बॉक्सर. पोलीस खात्याच्या बाजूनं लोकमत तयार व्हावं म्हणून त्याला सहकारी ली ब्लँचर्डशी रिंगमध्ये लढवलं जातं. पुढं हे दोघं डालियाच्या केसवर येतात आणि तिच्यात पार बुडतात. वरच्या साहेबाला केसमधून प्रसिद्धी पाहिजे, पेपरला खप पाहिजे, आणि या दोघांना ती मेलेली मुलगीच पाहिजे. भाषा कोरडी, ठोसा मारावा तशी वाक्यं. कोणीच धुतल्या तांदळाचं नाही, निवेदकही नाही. एका मुलीच्या मरणावर किती जण आपापली पोळी भाजून घेतात, हे इतकं उघडं करून दाखवलेलं मी दुसरीकडं वाचलं नाही.

आणि एवढं करून लेखक शेवटी खुनी हातात देतो. कोण ते सांगत नाही, वाचणाऱ्यांचा रस जाईल. धागे चोख जुळतात, मान्य. पण ते जुळले आणि माझी तळमळ एकदम उतरली. ज्या मुलीला खऱ्या जगात न्याय मिळाला नाही, तिच्या बाबतीत मला असं हलकं वाटायला नको होतं.

एलरॉयलाही हे टोचत असावं असं मला वाटतं. त्याच्या स्वतःच्या आईचा खून जून 1958 मध्ये एल माँटी इथं झाला, तेव्हा तो 10 वर्षांचा होता. खुनी सापडला नाही. वर्षभरात, अकराव्या वाढदिवसाला वडिलांनी दिलेल्या पुस्तकात त्यानं डालियाची हकीकत वाचली आणि दोन्ही बाया त्याच्या डोक्यात एक झाल्या. कादंबरी त्यानं आईलाच अर्पण केली आहे. पुढं बिल स्टोनर या निवृत्त तपास अधिकाऱ्याला घेऊन त्यानं आईची जुनी फाइल पुन्हा उघडली आणि 1996 ला 'माय डार्क प्लेसेस' लिहिलं. तिथं खुनी सापडत नाही. सापडते ती आई: तिचं माहेर, तिची नर्सची नोकरी, तिचा स्वभाव. माझ्या मते हे पुस्तक कादंबरीपेक्षा मोठं आहे, आणि दोन्ही याच क्रमानं वाचावीत.

आपल्याकडं कोणी अशा केसवर लिहिणार असेल, विशेषतः विदर्भातली नवी पोरं, तर माझी कळकळीची विनंती आहे. खुनी शोधायच्या मागं लागू नका. त्या पंचाला भेटा, पोलीस पाटलाला भेटा, तिच्यासोबत वेचणीला आलेल्या बायांना भेटा. ती कोणत्या गावची होती, घरी कोण वाट पाहत होतं, वेचणीचे पैसे कशासाठी जमवत होती, हे आधी लिहा. पारावरचं ते वाक्यही लिहा, म्हणणाऱ्यासकट.